रेडीमेड डिलिव्हरी बॅग घ्यावी का? प्रसूती विभागातल्या सिस्टरचं मत

पाचपैकी अडीच. बॅग म्हणून ही वस्तू चांगली आहे, आतलं सामान निम्मं कामाचं आहे, आणि ते ज्या रीतीने भरून पाठवलंय ती रीत मला अजिबात पटलेली नाही.

किट माझ्या भाचीने ऑनलाइन मागवलं. ती पुण्यात हिंजवडीला नोकरी करते. पहिलं बाळंतपण म्हणून आठव्या महिन्यात माहेरी सांगलीला आली, पण खोकं तिच्या आधीच माझ्या भावाच्या घरी येऊन पोचलं होतं. "आत्या, तू एकदा बघ गं, तुला कळतं त्यातलं," असं म्हणून तिने ते माझ्यापुढे उघडलं. किंमत चार हजारांच्या आसपास. कंपनीचं नाव लिहीत नाही. अशाच धर्तीची किटं आता बरेच जण विकतात, आणि मला जे सांगायचंय ते थोड्याफार फरकाने त्या सगळ्यांना लागू आहे.

मी मिरजेला एका हॉस्पिटलमध्ये प्रसूती विभागात सिस्टर आहे. बाळंतपणाला येणाऱ्या बॅगा रोज बघते. काय पहिल्या तासात लागतं, काय तीन दिवस कोपऱ्यात पडून राहतं आणि काय पिशवीतून न काढता तसंच घरी परत जातं, हे डोळ्यांसमोर असतं. त्यामुळे हे परीक्षण त्या नजरेने लिहिलेलं आहे.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधी सांगते. डिलिव्हरीची बॅग बाळंतीण उघडत नाही. ती आत टेबलावर असते. बॅग असते बाहेर, बाकाखाली, आणि ती उघडणारा माणूस म्हणजे तिची आई, सासू, नवरा, नाहीतर धावत आलेला दीर. आम्ही दार अर्धवट उघडून नाव पुकारतो आणि म्हणतो, "बाळाचे कपडे द्या." त्या क्षणी बाहेरच्या माणसाचं निम्मं लक्ष आत काय झालं याकडे असतं. मुलगा का मुलगी, रडलं का, आई बरी आहे ना? तशा अवस्थेत ज्याला बॅगेतलं काही माहीत नाही, त्याच्या हाताला पाहिजे ती वस्तू अर्ध्या मिनिटात लागली पाहिजे. बॅग चांगली भरली की वाईट, हे मी एवढ्यावरूनच ठरवते.

आम्हाला त्या वेळी हवं असतं ते फार नसतं. मऊ, कोरडी, धुतलेली दोन सुती दुपटी, एक टोपडं, एक झबलं, एक लंगोट. दोनच दुपटी का, असं भाचीने विचारलं. बाळ ओलं येतं आणि ओलं अंग झपाट्याने गार पडतं. पहिल्या दुपट्याने बाळ डोक्यापासून पायापर्यंत टिपून कोरडं करायचं आणि ते ओलं दुपटं लगेच बाजूला टाकायचं. मग बाळ आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं आणि दुसरं कोरडं दुपटं दोघांवर घालायचं. डोकं हा बाळाच्या अंगाचा मोठा भाग, तिथून ऊब फार जाते, म्हणून टोपडं. नवजात बाळाचं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस राहायला हवं आणि ते टिकवायचं पहिलं साधन म्हणजे ही दोन दुपटी. बऱ्याच हॉस्पिटलांत पहिली दुपटी हॉस्पिटलचीच असतात, पण सगळीकडे नसतात. आपल्याजवळ असलेली बरी.

आता किटकडे बघा. आत एकसारख्या दिसणाऱ्या गुलाबी पाऊचांचा ढीग. प्रत्येकाला चेन, प्रत्येकावर बारीक सोनेरी इंग्रजी अक्षरं. मॉम, बेबी, फीडिंग, बाथ, एसेन्शियल्स. फोटोत फार छान दिसतं. पण माझ्या वहिनीने चष्मा लावूनसुद्धा तिला कुठल्या पाऊचमध्ये काय आहे ते सांगता येईना, आणि दारात उभी राहणार होती तीच. बाळाचे कपडे तीन पाऊचांत विभागलेले. झबली एकात, टोपड्या आणि मोजे दुसऱ्यात, दुपटी मात्र 'स्लीप' लिहिलेल्या तिसऱ्यात, कारण कंपनीच्या लेखी दुपटं हे झोपताना पांघरायचं.

असंच किट घेऊन आलेलं एक कुटुंब आमच्या वॉर्डला पाहिलंय. रात्रीची वेळ, मुलीची सासू एकटीच बाहेर, नवरा रक्ताची बाटली आणायला रक्तपेढीत गेलेला. आम्ही कपडे मागितले. बाईंनी एक पाऊच उघडला, त्यात बाळाचे फोटो काढायची पुठ्ठ्याची कार्डं. दुसऱ्यात तेल, पावडर, कंगवा. त्यांचे हात थरथरत होते आणि त्या प्रत्येक पाऊच परत नीट बंद करून मगच पुढचा घेत होत्या, सुनेची वस्तू खराब व्हायला नको म्हणून. शेवटी आमच्या मावशींनी त्यांना धरून बसवलं आणि वॉर्डातलं दुपटं दिलं. बाळ सुखरूप होतं. पण त्या माउलीला नातवाला स्वतःच्या हातचं कापड देता आलं नाही, आणि त्याचं तिला किती वाईट वाटलं ते मी पाहिलं. हे किट बनवणाऱ्यांनी एकदा तरी एखाद्या लेबर रूमच्या बाहेर तासभर बसून बघावं, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून भाचीचं किट आम्ही सगळं जमिनीवर ओतून नव्याने भरलं. पाऊच बाजूला ठेवले आणि आरपार दिसणाऱ्या जाड प्लास्टिकच्या पिशव्या आणल्या. त्यावर कागदी चिकटपट्टी लावून जाड मार्करने मराठीत लिहिलं. 'बाळ आल्याबरोबर' ही सगळ्यात वर. तिच्याखाली 'आई – डिलिव्हरी झाल्यावर'. मग 'वॉर्डमध्ये', आणि तळाशी 'घरी जाताना'. वहिनीला, भावाला आणि जावयांना एकदा बसवून दाखवलं. भाचीला दुखायला लागलं ते पहाटे, आणि दारात शेवटी उभा राहिला माझा भाऊ. त्याने आयुष्यात झबलं हातात घेतलेलं नाही, पण त्याने ती पहिली पिशवी तशीच उचलून आत दिली.

सामानाचं बोलू. कपड्यांचं कापड चांगलं आहे, हे आधी कबूल करते. होजिअरी मऊ आहे, शिवण आतून टोचत नाही, रंग धुण्यात गेला नाही. पण माप चुकलं. कपड्यांवर 'तीन महिन्यांपर्यंत' असं लिहिलंय आणि ते तीन महिन्यांच्याच बाळाला होतील असे आहेत. आपल्याकडची बरीच बाळं अडीच-तीन किलोच्या आसपास जन्मतात. भाचीची मुलगी त्यातच बसणारी. त्या झबल्यात तिचे हात कोपरापर्यंत गुडूप. टोपड्या तर सरळ डोळ्यांवर येत होत्या, आणि तोंडावर येईल अशी टोपडी नवजात बाळाला घालायचीच नाही.

दुसरं म्हणजे सहापैकी चार झबली डोक्यातून घालायची. पहिल्या दिवसांत बाळाची मान धरून डोक्यातून कपडा काढणं नव्या आईला जमत नाही, आजीलाही भीती वाटते. पुढे किंवा मागे पूर्ण उघडणारं, नाडी बांधायचं झबलंच घ्या. नाडी आखूड आणि शिवलेली हवी, लोंबणारी नको. लंगोटांना किटमध्ये चिकटपट्टी होती. ती बाळाच्या मांडीला घासते आणि नाळेच्या चिमट्याजवळ येते. आपला साधा तिकोनी, नाडीचा लंगोट नाळेच्या खाली बांधता येतो आणि नाळ उघडी, कोरडी राहते. नाळेला बाकी काही लावायचं नसतं, तेल नाही, हळद नाही, पावडर नाही.

डायपर दिलेत, पण ते 'स्मॉल' मापाचे. नवजात बाळाला त्याहून लहान, 'न्यूबॉर्न' लिहिलेलं माप लागतं. रात्री किंवा सिझर झालेल्या आईसाठी डायपरची सोय होते, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तरी पहिले दोन-तीन दिवस दिवसा लंगोट वापरा असं मी प्रत्येकीला सांगते. बाळाला शू किती वेळा झाली, हे आम्ही दर राउंडला विचारतो, कारण दूध पुरेसं मिळतंय की नाही ते त्यावरून कळतं. लंगोट भिजला की लगेच कळतो, डायपरमध्ये नवजात बाळाची एवढीशी शू कळतही नाही. पहिली शी काळपट हिरवी आणि डांबरासारखी चिकट असते. त्यासाठी जुन्या मऊ कापडाचे तुकडे भरपूर ठेवा, लागले की टाकून देता येतात. किटमधल्या वासाच्या ओल्या वाइप्सची गरज नाही. कोमट पाणी आणि कापूस पुरतो, आणि तान्ह्या कातडीला तोच सोसतो.

आणि संख्या. किटमध्ये लंगोट फक्त सहा. भाचीची तारीख श्रावणातली होती. सांगलीत त्या दिवसांत वाळत घातलेला कपडा दोन-दोन दिवस दमट राहतो. दोन डझन लंगोट आणि आठ-दहा दुपटी पावसाळ्यात जास्त होत नाहीत.

एका वस्तूवर मला थांबायलाच हवं, ती म्हणजे दुधाची बाटली. 'फीडिंग' पाऊचमध्ये एक बाटली, दोन बुचं आणि एक चोखणी होती. ती मी पहिल्यांदा बाहेर काढली. बाळ जन्मल्यापासून एका तासाच्या आत त्याला अंगावर घ्यायचं, पहिलं पिवळसर चीक दूध त्यालाच द्यायचं आणि सहा महिने दुसरं काही नाही, यासाठी आम्ही वॉर्डात जीव तोडून बोलतो. बॅगेत बाटली असली की दुसऱ्या रात्री, बाळ रडतंय आणि आई थकलीये अशा वेळी घरातलं कोणीतरी म्हणतंच, "आहे ना बाटली, एकदा देऊन बघूया वरचं." बाटलीची सवय लागलेलं बाळ अंगावर नीट धरत नाही आणि आईचं दूध मागणीनेच वाढत असल्यामुळे ते कमी होत जातं. आपल्या देशात १९९२ चा कायदा आहे, त्यानुसार बाळाच्या दुधाच्या पावडरीची आणि बाटलीची जाहिरातसुद्धा करता येत नाही. इतका विचार ज्या वस्तूबद्दल झालाय ती पहिल्या दिवसाच्या बॅगेत असण्याचं कारण नाही. बाळ लवकर जन्मलं किंवा अंगावर ओढत नसलं तर आम्ही आईचं दूध काढून वाटी-चमच्याने किंवा पळीने पाजायला शिकवतो. म्हणून बाटलीच्या जागी स्टीलची एक छोटी वाटी आणि चमचा उकळून, कोरडा करून ठेवा.

त्याच न्यायाने पावडरचा डबा घरी ठेवला. पावडरीचा बारीक धुरळा बाळाच्या श्वासात जातो. तेल, साबण, शाम्पू वाईट नव्हते, पण हॉस्पिटलात लागत नाहीत. बाळाला पहिले चोवीस तास अंघोळ घालायचीच नसते. आपल्या जुन्या बाळंतविड्यात मधाची बाटली असते, तीही कोणी घालत असेल तर काढून ठेवा. वर्षाच्या आत मध द्यायचा नाही. दृष्टमणी मात्र लोक प्रेमाने आणतात, मी कोणाला रागावत नाही. एवढंच सांगते की मनगटावर हॉस्पिटलची नावाची पट्टी असते, तिच्यात अडकतील असे मणी घरी गेल्यावर बघू.

मच्छरदाणी असलेली घडीची गादी या किटमधली सगळ्यात महागाची वस्तू असावी. घरी उपयोगी, पण वॉर्डात तिने निम्मी बॅग खाल्ली. बाळ पाळण्यात किंवा आईच्या कुशीतच असतं. राईची उशीही नको, तान्ह्या बाळाला उशी लागत नाही.

आईच्या सामानात मला आवडलेल्या दोन गोष्टी सांगते. ओठांना लावायचा बाम दिलाय. कळांच्या वेळी बाई तोंडाने श्वास घेते, ओठ फुटतात, आणि कोणालाच तो आणायचं सुचत नाही. दुसरी, नळीची पाण्याची बाटली. मणक्यातलं इंजेक्शन घेतलेल्या बाईला आडवं राहून पाणी पिता येतं. हे ज्याने घातलं त्याने कुठेतरी खऱ्या बाळंतिणीला विचारलेलं आहे.

बाकी मात्र निराशा. शर्ट-पायजम्याचा सुंदर जोड दिलाय, पुढून बटणं आहेत, दूध पाजायला सोयीचा. पण डिलिव्हरीनंतर आम्ही वरचेवर पॅड बघतो, पोटावर हात ठेवून गर्भाशय आवळलंय का ते बघतो, सिझर असेल तर लघवीची नळी असते. पायजम्यात यातलं काही होत नाही. पुढून पूर्ण उघडणारे, ढगळ, सुती गाऊन तीन-चार घ्या, गडद रंगाचे. भाचीला आम्ही तेच दिले, पायजमा 'घरी जाताना'मध्ये गेला. सिझरवालीला परकराची नाडी टाक्यांवर येते, म्हणून निकर घ्यायची ती कंबरेच्या वरपर्यंत येणारी. पॅडच्या बाबतीत किटमध्ये जाळीदार पृष्ठभागाचे पॅड होते. ते टाक्यांना चिकटतात आणि काढताना बाईच्या डोळ्यांत पाणी येतं. कापसाच्या मऊ पृष्ठभागाचे, मोठ्यात मोठे पॅड घ्या. पहिले काही दिवस रक्तस्राव पाळीपेक्षा जास्त असतो. आणि तासाभरात एक पॅड पूर्ण भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, तर संकोच न करता ताबडतोब सिस्टरला बोलवायचं, हे बाळंतिणीजवळ बसणाऱ्या प्रत्येक बाईने लक्षात ठेवा.

न घसरणाऱ्या चपला किटमध्ये नाहीत. बाळंतीण पहिल्यांदा उठून बाथरूमला जाते तेव्हा तिला चक्कर येऊ शकते आणि फरशी ओली असते. याहून महत्त्वाची चप्पल ती वर्षभरात घालणार नाही. लांब वायरचा चार्जर नाही, ओले कपडे टाकायला पिशव्या नाहीत, थर्मास नाही, कानाला बांधायचा रुमाल नाही. सोबत राहणाऱ्या माणसासाठी तर काहीच नाही. तिच्यासाठी एक चादर, शाल, टूथब्रश आणि बिस्किटाचे पुडे ठेवा. ती उपाशी आणि अवघडलेली असली तर बाळंतिणीकडे कोण बघणार?

कागद हा विषय किटमध्ये शून्य आहे. एक रिकामी फाइल जरी दिली असती तरी चाललं असतं. मी भाचीसाठी प्लास्टिकची, बटणाची फाइल केली. माता व बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट, रक्तगटाचा आणि एचआयव्ही, कावीळ वगैरे तपासण्यांचा कागद, दोघांची आधार कार्डं, विम्याचं कार्ड, थोडी रोख रक्कम सुट्ट्या नोटांत. सगळ्यात वर एक कोरा कागद आणि त्यावर ठळक अक्षरांत रक्तगट, कशाची ॲलर्जी, चालू गोळ्या, डॉक्टरांचं नाव, घरच्या दोघांचे फोन. रक्तगट निगेटिव्ह असेल तर लाल पेनने. अशा आईला, बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाल्यास, ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन द्यायचं असतं आणि धावपळीत ते विसरायला नको. आई-वडिलांची नावं आधारवर जशी आहेत तशीच एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते, फॉर्म बहुतेक वॉर्डातच भरला जातो, आणि घाईत सांगितलेलं स्पेलिंग नंतर दुरुस्त करायला पायपीट होते.

सांगलीकरांनी ही फाइल पाण्यापासून जपावी हे वेगळं सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा घरं सोडून आलेल्या गरोदर बायका आम्ही पाहिल्या. २०२१ ला पुन्हा तेच. पावसाळ्यातली तारीख आणि घर नदीकाठच्या भागात असेल तर बॅग चौतिसाव्या आठवड्यातच भरा. एरवी छत्तिसावा आठवडा चालतो. जुळं असेल, बीपी वाढलेलं असेल किंवा आधीचं बाळ लवकर झालेलं असेल, तर कुठेही राहत असलात तरी आधीच तयार ठेवा.

निघताना अंगावरचंही बघा. डोहाळजेवणाला भरलेल्या हिरव्या बांगड्या मनगटभर असतात, आणि सलाईनची सुई तिथेच लावायची असते. नेलपॉलिश काढून या, बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन नीट दिसत नाही. दागिने घरी. चष्मा असेल तर त्याची डबी बरोबर, म्हणजे बाळ पहिल्यांदा दिसताना ते धूसर दिसणार नाही.

बॅगेचं कौतुक करायचं राहिलं. कापड जाड आहे, आतून पुसता येतं, तोंड पूर्ण उघडतं, बाजूला ओल्या कपड्यांचा कप्पा आहे, खांद्याचा पट्टा रुंद आहे. एवढी चांगली बॅग बाजारात सहज मिळत नाही. वर दिलेल्या गुणांतले बहुतेक तिचेच आहेत.

सेवेबद्दल. मापाची तक्रार केल्यावर कंपनीने कपडे बदलून देतो म्हटलं, पण उघडलेला पाऊच परत घेत नाही असं सांगितलं. न उघडता माप कसं कळणार, याचं उत्तर मिळालं नाही. नवीन कपडे खळ काढून, सौम्य साबणात धुऊन, उन्हात वाळवूनच बाळाला घालायचे असतात, तेव्हा पाऊच उघडणं भागच आहे. आतल्या छापील माहितीत मात्र धुण्याचा साधा उल्लेखही नाही, उलट 'वापरायला तयार' असं लिहिलंय. ही गोष्ट मला गंभीर वाटते.

कमी पडलेलं सगळं आम्ही सांगलीच्या कापड पेठेतून आणलं. तिथल्या एका जुन्या दुकानात बाळाचं सामान मागितलं की मालक आधी विचारतात, "कितवा महिना, कुठल्या दवाखान्यात, बाळंतीण घरी कुठं जाणार?" मग तेवढंच काढून देतात. दोन मापांची झबली, नाडीचे लंगोट, मलमलची दुपटी, फलालीनची दोन जाड दुपटी. टोपड्या त्यांनी लहानच दिल्या आणि म्हणाले, न झाल्यास बदलून न्या, धुतलेल्या असल्या तरी चालतील. गाऊन आणि चपला धरून दोन हजारांच्या आत काम झालं. बाळाचं पहिलं कापड जुनं असावं म्हणतात, ते आमच्या वहिनीने आईच्या नऊवारीतून काढलं. अनेक वर्षं धुतलेल्या त्या कापडाइतकं मऊ कापड कुठल्याच दुकानात नाही, आणि बाळ येण्याआधी नवं काही घ्यायचं नाही असं मानणाऱ्या घरांनाही हा मार्ग आहे. चांगलं धुवा, कडक उन्हात वाळवा, इस्त्री फिरवा.

सरकारी रुग्णालयात नाव नोंदवलेल्यांनी तर एवढा खर्च करायच्या आधी तिथल्या सिस्टरांना किंवा आशाताईंना विचारावं. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात डिलिव्हरी, सिझर, औषधं, तपासण्या, तिथलं जेवण आणि घरी सोडायची गाडी हे सगळं मोफत आहे. तुमची बॅग निम्म्याने हलकी होईल. खाजगी ठिकाणीही भरती व्हायच्या आधी एकदा वॉर्डात जाऊन 'काय काय आणू' ते विचारून घ्या. काही ठिकाणी गाऊन, पॅड, बाळाचे डायपर बिलातच लावतात, मग तेच परत विकत कशाला घ्यायचं?

किट कोणी घ्यावं? जिच्याजवळ बाजारात जाऊन आणणारं कोणी नाही, जी परगावी नवऱ्याबरोबर एकटी आहे, तिने जरूर घ्यावं. काहीच नसण्यापेक्षा हे खूप बरं. फक्त आल्याबरोबर सगळं बाहेर काढा, बाटली आणि पावडर वेगळी करा, कपडे धुवा, लहान मापाची चार झबली आणि टोपडी वेगळी मागवा, आणि जो माणूस दाराबाहेर उभा राहणार आहे त्याच्याच हाताने बॅग परत भरून घ्या. आजी-आत्या हाताशी आहेत आणि जवळ बरी बाजारपेठ आहे, त्यांनी या किटवर पैसे घालू नयेत.

भाचीच्या धाकट्या जावेला आता सातवा लागलाय. तीही हेच किट मागवणार होती. तिला मी सांगितलंय, भाचीची रिकामी बॅग घेऊन जा, आणि येत्या रविवारी सासूबाईंना घेऊन कापड पेठेत ये.